सुभेदारांनी मिशी काढली

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सुभेदार लालासाहेब घार्गे यांनी आपल्या होऊ घातलेल्या जावयाला मिशी काढली. काढून झाल्यावर हातातल्या पेन्सिलीकडे आणि समोरच्या फोटोकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं, आणि कपाळावर घाम फुटला.

तसा त्यांचा इरादा काही वाईट नव्हता. इरादाच नव्हता.

अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार साताऱ्याला सदर बझारात राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली होती. गल्लीत निम्मे लोक लष्करातून आलेले, आणि त्या सगळ्यांत सुभेदारांचा दरारा मोठा. त्यांनी खाकरलं तरी समोरच्या अंगणातली पोरं गोट्या उचलून पळायची. पण गेल्या पावसाळ्यात डॉक्टरनं सांगितलं, "सुभेदार, तंबाखू सोडा, नाहीतर दात तुम्हाला सोडतील." सुभेदारांनी हुकूम मानला आणि तंबाखू सोडली. तंबाखू सुटली, पण मळणारे हात कुठं जाणार? दिवसभर अंगठा तळहातावर फिरत राहायचा. बसल्या जागी ते धोतराचा सोगा मळायचे, वर्तमानपत्राचा कोपरा मळायचे, एकदा तर शेजाऱ्यांशी बोलता बोलता त्यांचाच कोपर मळायला लागले.

शेवटी त्यांच्या मुलीनं, उमानं, त्यांच्या हातात पेन्सिल दिली. उमा मास्तरणीचं शिक्षण घेत होती. तिथं तिला हस्तकलेचा तास असायचा. "आबा, हात शिवशिवायला लागले की कागदावर रेघोट्या मारा. जे येईल ते काढा."

सुभेदारांनी रेघोट्या मारायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत घरातला एकही कागद कोरा राहिला नाही. रेशनकार्डावर वेल चढली. कॅलेंडरवरच्या प्रत्येक तारखेला डोळे आणि शेपटी आली. पुढं नुसत्या रेघांवर मन भरेना. मग ते पुठ्ठ्यावर खळ लावून मसूर चिकटवू लागले, तुरीची डाळ चिकटवू लागले, फुटक्या बांगड्या, काडेपेटीच्या काड्या, भोपळ्याच्या बिया, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, जे हाताला लागेल ते. दुपारी दाराला आतून कडी लागायची आणि सुभेदार मांडी घालून मोर करत बसायचे. हे बाहेर कुणाला कळू नये, अशी त्यांची बायकोला सक्त ताकीद होती. बनुबाईला स्वतःलाही ते बाहेर जाऊ द्यायचं नव्हतंच. "लोकं म्हणतील, लढाईत डोस्क्याला कायतरी लागलं वाटतं," एवढंच ती म्हणायची, आणि मसुरीचा डबा वरच्या फळीवर ठेवायची.

तर त्या मंगळवारी टपालानं एक पाकीट आलं. कराडजवळच्या आकाराम जगदाळ्यांचं पत्र. त्यांचा मुलगा सयाजी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. उमासाठी ते स्थळ चालून आलं होतं. पत्रात लिहिलं होतं, 'चि. सयाजीचा फोटो सोबत धाडला आहे. एकच प्रत आहे, तरी पाहून झाल्यावर परत द्यावी.'

उमा शिकायला गेली होती, बनुबाई भाजीला. सुभेदार एकटेच फोटो घेऊन बसले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेला भांग, प्रामाणिक डोळे. पोरगा मनात भरला. फक्त एकच खोट होती. ओठावर मिशी नव्हती.

मिशीचं त्यांना स्वतःला काही वाटत नव्हतं. पण कडेगावात त्यांची थोरली बहीण होती, अंबूबाई. सुभेदार पाच वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासून आक्कानंच त्यांना वाढवलेलं. गोळीबारात उभा राहिलेला हा माणूस जगात फक्त आक्काला भ्यायचा. उमासाठी आलेली तीन स्थळं आक्कानं परतवली होती. पहिल्या मुलाच्या घरच्या विहिरीचं पाणी मचूळ निघालं. दुसरा चालताना पाय फेकत होता. आणि तिसऱ्याला मिशी नव्हती. "बिनमिशीचा गडी म्हंजी बिनचौकटीचं दार," आक्का म्हणाली होती. "पुन्यांदा असलं स्थळ माझ्याम्होरं आनू नगा."

ह्या विवंचनेत सुभेदार फोटोकडे बघत राहिले. ह्याला नुसती एवढीशी मिशी असती तर? फार नको, दोन बोटं. इकडे अशी वळलेली, तिकडे तशी... आणि हातात पेन्सिल होती.

पेन्सिल साधी असती तर रबरानं भागलं असतं. ती कॉपिंग पेन्सिल होती. सुभेदारांनी घाईघाईनं अंगठा जिभेला लावला आणि मिशीवर घासला. ओल लागताच काळी रेघ जांभळी झाली आणि सयाजीच्या उजव्या गालावर कानापर्यंत पसरली. सुभेदारांनी दुसरा अंगठा वापरला. डावा गालही जांभळा झाला. आता पोराला कुणीतरी दोन्ही बाजूंनी मारल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी दाढीचं पातं आणलं आणि अलगद खरवडायला घेतलं. जांभळा रंग निघाला. त्याच्या पाठोपाठ वरचा ओठही निघाला. फोटोला नाकाखाली आरपार भोक पडलं.

भोक पडल्यावर मात्र सुभेदार शांत झाले. पलटणीत त्यांना शिकवलं होतं, माघार घेता येत नसेल तर पुढं सरकावं. त्यांनी दाढीच्या ब्रशाचे केस कात्रीनं कापले, डिंकात बुडवले आणि भोकावर एकेक करून लावले. मिशी झाली. गालांवरचे डाग लपवायला कानांपासून खाली कल्ले आणले. फोटोच्या कडेला सगळीकडे जांभळे अंगठे उठले होते, म्हणून फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि भोवतीनं महिरप केली. आधी मसुरीच्या दोन ओळी, मग हिरव्या बांगडीचे तुकडे, चारी कोपऱ्यांत भोपळ्याच्या बियांची फुलं. दीड तास ते सगळं विसरून काम करत होते. शेवटची बी बसवून त्यांनी पुठ्ठा लांब धरला, आणि क्षणभर, खरंच क्षणभर, त्यांना फार आनंद झाला.

तेवढ्यात बनुबाई भाजी घेऊन आली. मसूर तिनं लांबूनच ओळखली. "आवं, पुन्यांदा? आन् ह्यो कोन पैलवान बशीवलाय मधी?"

"जावई," सुभेदार क्षीण आवाजात म्हणाले.

सगळं ऐकल्यावर बनुबाई पिशवीसकट खाली बसली. "एकच परत हाय म्हनून लिवलंय न्हवं त्येंनी? आता त्येंला काय धाडायचं? मसूर?"

"आजच पत्र टाकतो. फोटू टपालात गहाळ झाला, दुसरा काढून धाडा म्हनून."

पत्र टाकायची वेळच आली नाही. दारात पितळी डब्याचा आवाज झाला, आणि न कळवता दुपारच्या एसटीनं उतरलेली आक्का कडी वाजवू लागली. सुभेदारांनी पुठ्ठा कुठं लपवावा म्हणून दोनदा गिरकी घेतली आणि शेवटी तो हातातच घेऊन उभे राहिले.

"हातात काय हाय रं लाला?"

"काय न्हाई आक्का. आपलं... फोटू."

"कुनाचा?"

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे सुभेदारांनी खरं सांगितलं. "कराडच्या स्थळाचा."

आक्कानं पुठ्ठा ओढून घेतला, उजेडाला धरला आणि डोळे बारीक करून न्याहाळला. बनुबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"मिशी बघ की गं बने!" आक्का म्हणाली. "अशी मिशी माझ्या सासऱ्यानंतर मी बघितली न्हवती. केस न् केस उभा दिसतोय. काय फोटू काढत्यात आताशा!" तिनं बोटानं महिरप चाचपली. "आन् ही कारागिरी! पोराच्या आईनं केली असनार. नुसता फोटू न धाडता सजवून धाडलाय. हौशी मानसं हायती. माझा होकार हाय. ऐतवारी या म्हनून लिव त्येंला."

सुभेदारांनी तोंड उघडलं. बनुबाईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

संध्याकाळी चुलीशी ती कुजबुजली, "तीन स्थळं मोडली. उमाला बाविसावं सरंल आता. पयल्यांदा आक्कांच्या तोंडनं 'हो' आलंय. तुमी गप बसा."

"आन् ऐतवारी पोरगा आल्यावर?"

"तवाचं तवा बघू."

सुभेदारांना 'तवाचं तवा' कधी जमलं नव्हतं. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण कमी झालं. त्यात आक्का मुक्कामाला राहिली आणि फोटो घेऊन गल्लीभर फिरू लागली. बुधवारी समोरच्या धोंडुबाईनं तो पाहिला, गुरुवारी पाणवठ्यावरच्या सगळ्या बायकांनी. मिशीचं कौतुक झालं, पण त्याहून जास्त झालं महिरपीचं. सुभेदार ओसरीत वर्तमानपत्र तोंडापुढं धरून सगळं ऐकत होते. "ही बांगडी कशी कापली असंल गं?" "बियांची फुलं तर हुबेहूब." आयुष्यात त्यांच्या कारागिरीला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आता गल्ली म्हणत होती तर ती कारागिरी सयाजीच्या आईची, कराडच्या तानुबाई जगदाळ्यांची होती. गुरुवारी संध्याकाळी त्यांना राहवलं नाही.

"आक्का, त्या खालच्या ओळीत मसूर जरा तिरकी बसलीया, न्हाई?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" आक्का म्हणाली. "तू आपला बंदूक धरनारा गडी. ह्याला हातात कला लागती."

शुक्रवारी पलटणीतला जुना सोबती आजारी आहे असं सांगून सुभेदारांनी कराडची एसटी पकडली. कारखान्याच्या फाटकावर नाव सांगितल्यावर पांढरा डगला घातलेला एक तरुण बाहेर आला. फोटोतलेच प्रामाणिक डोळे, आणि ओठावर काही नाही. सुभेदारांच्या मनात शेवटची एक आशा होती, की फोटो काढल्यानंतर पोरानं मिशी ठेवली असेल. तीही गेली.

"मी उमाचा बाप. लालासाहेब घार्गे."

सयाजी गडबडून पाया पडला. "मामा, तुम्ही? घरी कळवलं असतं तर..."

"घरी सांगायचं न्हाई. एकच इचारायचंय." सुभेदारांनी इकडे तिकडे पाहिलं. उसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर उभी होती आणि गाडीवान कान देऊन ऐकत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी मिशी का ठेवत न्हाई?"

सयाजीला प्रश्न पुन्हा ऐकावासा वाटला. सुभेदारांनी पुन्हा विचारला.

"तसं काही कारण नाही. कधी ठेवलीच नाही."

"मग ठेवा की. ऐतवारपातुर जमंल?"

"मामा, आज शुक्रवार हाय," पोराचं कॉलेजातलं मराठी सुटलं. "उसाला सुद्धा अठरा महिनं लागत्यात."

"पूर्ण न्हाई म्हनत मी. नुसती सुरुवात."

आता सगळं सांगून टाकावं, असं सुभेदारांच्या अगदी जिभेवर आलं होतं. हा पोरगा समजून घेईल, हेही दिसत होतं. पण तेवढ्यात आतून कुणी साहेब ओरडला, सयाजी "आलो, आलो" करत वळला, आणि जाता जाता म्हणाला, "बघतो, मामा. तुमची इच्छा आहे तर करतो काहीतरी."

हे 'काहीतरी' काय असेल, ह्या काळजीत सुभेदार उंब्रजपर्यंत उभ्यानं आले. जागा रिकामी होती ते त्यांना उंब्रज गेल्यावर कळलं.

रविवारी सकाळी आक्कानं स्वतः पोहे परतले. दहा वाजता जगदाळे मंडळी आली. पुढं आकाराम, सहा फूट उंच, पांढरं धोतर, डोक्याला पटका, चेहऱ्यावर इकडची सुरकुती तिकडे नाही. त्यांच्या मागं तानुबाई, ठेंगणी आणि बोलकी. शेवटी सयाजी.

सयाजीनं शुक्रवारपासून दाढी केली नव्हती. मिशीची सुरुवात व्हावी म्हणून त्यानं ओठाला वस्तरा लावला नाही, आणि नुसता ओठच सोडला तर हसू होईल म्हणून गालालाही लावला नाही. नव्या कोऱ्या बुशशर्टवर तो चेहरा पाहून बनुबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आत्ताच सांगते," तानुबाई बसता बसता म्हणाली, "आमचं कार्टं असं का आलंय ते आमास्नी ठावं न्हाई. मी म्हनाले, आरं मुलगी बघाय चाललाय, दाढी कर. तर म्हनतोय, आई, राहू दे, कारन हाय."

सयाजीनं सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी छताकडे पाहिलं.

आक्का तिघांकडे निरखून बघत होती. मग दाराबाहेर वाकून गल्लीत नजर टाकून आली. "पोरगा मागनं येतोय का?"

"कोन पोरगा?" तानुबाई म्हणाली.

"नवरा मुलगा."

"ह्यो काय, बसलाय की तुमच्याम्होरं."

"ह्यो?" आक्कानं सयाजीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "ह्यो धाकटा असंल. सुतक हाय काय ह्याला? मी फोटूतल्या पोराचं इचारतीया."

"एकुलता एक हाय ओ आमचा सया!"

आक्का ताडकन उठली. आत जाऊन पुठ्ठा घेऊन आली आणि सगळ्यांच्या मध्ये सतरंजीवर आपटला. भोपळ्याची एक बी सुटून सयाजीच्या पोह्यांत पडली. "मग ह्यो कोन? फोटू एकाचा धाडायचा आन् पोरगा दुसराच आनायचा? ह्याला काय म्हनत्यात तुमच्यात? आमच्यात फसवनूक म्हनत्यात!"

तानुबाई वाकली. फोटो पाहून तिचे डोळे मोठे झाले. "अगं बया! शर्ट आमच्या सयाचा हाय. मी शिवाय टाकलेला. पर आत मानूस कोन घुसलाय?" मग तीही उठली. "आवं, तुमीच आमच्या पोराच्या धडावर दुसऱ्याचं डोस्कं बशीवलंसा! कुनाचा हाय ह्यो दरोडेखोर? काय करनी-बिरनी करताय काय आमच्या लेकरावर? ही डाळ कसली भवतीनं? बया, बया, ह्या बांगड्या फोडल्यात!"

"ती डाळ तूच लावलीस की!"

"मी? मी कशाला डाळ लावू माझ्या पोराला?"

आकाराम जगदाळे मात्र पुढं वाकले. त्यांनी पुठ्ठा उचलला, गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून बसले. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. ह्या माणसानं आपल्याला इथंच उचलून आपटलं तरी आपण हात उचलायचा नाही, असं सुभेदारांनी मनाशी ठरवलं.

मग सुभेदार उठले. टाचा जोडल्या, हात बाजूला घेतले, नजर समोरच्या भिंतीवर.

"मिशी मी काढली," ते म्हणाले.



"फोटूत मिशी न्हवती. चुकून पेन्सिल चालली. पुसाय गेलो तर पसरली. खरवडाय गेलो तर भोक पडलं. भोक बुजवाय माझ्या दाढीच्या ब्रशाचं केस लावलं. जगदाळ्यांनी फसवलं न्हाई. पोराला मिशी ठेव म्हनून मीच कराडला जाऊन सांगितलं. त्याचीबी काय चूक न्हाई. महिरप..." इथं त्यांची नजर भिंतीवरून पुठ्ठ्याकडे गेली. "महिरप बी मीच केली. मसूर आमच्याच घरातली."

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "तू? ही फुलं तू केलीस? चार दिस मी गल्लीभर दावत फिरतीया, ती तुझी करनी?"

"व्हय आक्का."

"आन् मी होकार दिला, तो ब्रशाला?"

बनुबाई रडायच्या बेतात होती. तानुबाई पदर सावरून दाराकडे निघालीच होती. तेवढ्यात आतल्या उंबऱ्यावरून उमाचा आवाज आला.

"आत्या, माझा होकार ब्रशाला नव्हता. मंगळवारी सकाळी टपाल मीच घेतलं होतं. आबांच्या हाती द्यायच्या आधी मी पाकीट उघडून बघितलं आणि मग शिकायला गेले." ती लाजली नाही, पण सयाजीकडे न बघता बोलली. "संध्याकाळी आले तर घरात मिशीचा बोलबाला. मी गप्प बसले. म्हटलं, मिशीनं का होईना, आत्या 'हो' म्हणतीये."

सयाजीनं पोह्यांतली बी अलगद बाजूला काढून बशीच्या कडेला ठेवली आणि पहिल्यांदाच हसला. तानुबाई दारातून परत फिरली. आक्कानं मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवले. ती काय बोलणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, तोच आकाराम पुठ्ठ्यासकट उभे राहिले.

"सुभेदार," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जरा भायेर या."

परसात शेवग्याखाली दोघं जाऊन उभे राहिले. सुभेदारांनी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवली. आकारामांनी आधी मागं वळून दाराकडं पाहिलं, मग गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला सरकले, आणि पुठ्ठा सुभेदारांच्या नाकासमोर धरला.

"ही मसूर सुटत कशी न्हाई?"

"आं?"

"आपटला तरी एक बी पडली फकस्त. माझी पंधरा दिसांत सगळी गळून पडती." आकाराम कुजबुजत होते. "मळ्यातल्या खोपीत करतो मी. घरात कुनाला ठावं न्हाई. गणपती केलाय जोंधळ्याचा, तर सोंड सारखी पडतीया. बैलजोडी केली चिंचोक्याची, तिला पोरकिडा लागला. आवं, तीन सालं झटतोय. इचारायचं तरी कुनाला? मळ्याचा मालक मी, लोक काय म्हनतील?"

सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपोआपच ते खाली उकिडवे बसले, आणि आकारामही समोर बसले.

"खळ कशाची करता?"

"गव्हाच्या पिठाची."

"बरूबर. पर शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. पुस्तकं बांधनारं घालत्यात तसा. मग किडा हात लावत न्हाई. आन् वरनं डिंकाचा पातळ हात."

"मोरचूद! आवं, माझ्या ध्यानातच न्हाई आलं!" आकारामांनी मांडीवर थाप मारली. "किती घालू? चमचाभर?"

तेवढ्यात उमा पाण्याचे दोन पेले घेऊन आली. दोघंही एकदम गप्प झाले. ती पेले ठेवून वळली, तसे सुभेदार हलक्या आवाजात म्हणाले, "चिमूटभर बास. लय जहाल इख हाय ते. आन् घरात कुनाला कळू द्यायचं न्हाई, मुकाट उरकायचं."

'मोरचूद', 'इख' आणि 'मुकाट उरकायचं' हे उमानं ऐकलं आणि आत जाऊन सांगितलं, हे सुभेदारांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं, की परसाचं दार धाडकन उघडलं आणि आक्का पदर खोचून धावत सुटली. तिच्या मागं बनुबाई, तिच्या मागं तानुबाई गळा काढून, आणि सगळ्यांत मागं सयाजी, हातात पोह्यांची बशी तशीच.

"लाला!" आक्कानं भावाचं मनगट धरलं. मूठ उघडून बघितली, मग दुसरी बघितली. "कुठाय इख? टाक आधी! आरं, मिशी काढलीस म्हनून काय जीव द्यायचा आसतोय? मी काय म्हनाले का तुला? सोन्यासारखी फुलं केलीस, मी काय वाईट म्हनाले का?" तिचे डोळे भरून आले होते. पाच वर्षांच्या लालाला बखोटीला धरावं तसं तिनं सुभेदारांना धरलं होतं. मग ती आकारामांकडे वळली. "आन् तुमी हो, जानती मानसं! जुळत न्हाई तर न्हाई म्हना. त्येंला इख घ्याय लावताय?"

"आक्का, आगं..." सुभेदारांनी सुरुवात केली आणि आकारामांकडे पाहिलं. आकारामांच्या डोळ्यांत अशी विनवणी होती, की सुभेदारांना पुढचं वाक्य गिळावं लागलं.

"जुळलं!" आकाराम एकाएकी ओरडले. "आक्का, जुळलं! पोरगी पसंत, घर पसंत, समदं पसंत. तेच ठरवत हुतो आमी. मागशीर्षातच बार उडवू."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बनुबाईनं पटकन साखर आणायला आत धाव घेतली, कुणाचं मत बदलायच्या आत. आक्कानं डोळे पुसले आणि सयाजीच्या खुंट वाढलेल्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "हाय असा हाय," ती म्हणाली. "मिशी काय, उगवंल."

फक्त तानुबाई जागची हलली नाही. "आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "मग मोरचूद कशाला पायजे हुता?"

सुभेदारांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. आकारामांची नजर शेवग्यावरून गोठ्याकडे, गोठ्यावरून आभाळाकडे फिरली.

"द्राक्षावर फवाराय," ते म्हणाले.

"आपल्यात द्राक्षं कुठं हायती?"

"लावायची हायती," आकाराम म्हणाले. "सुभेदारांचाच सल्ला घेत हुतो."

आणि जगदाळ्यांच्या ज्या मळ्यात तीन पिढ्यांत उसावाचून काही पिकलं नव्हतं, तिथं त्या वर्षी दहा गुंठे द्राक्षं लावावी लागली.